आखूड केसांचे लहान कुत्रे : घरातील शिक्षण आणि निगा

लहान चणीचा, आखूड केसांचा कुत्रा घरात आणणाऱ्या कुटुंबाच्या मनात, ते कुटुंब कितीही सुशिक्षित आणि प्राणिवत्सल असो, दोन समजुती बहुधा आधीपासूनच ठाण मांडून असतात: एक ही की, देह लहान असल्यामुळे त्याला शिकविण्याची फारशी आवश्यकता नाही, प्रसंग पडलाच तर त्याला उचलून काखेत घेता येते, आणि दुसरी ही की, केस आखूड असल्यामुळे त्याची निगाही आपोआप राहते, कारण गुंता व्हावा किंवा जट धरावी असे त्याच्या अंगावर काही नाहीच. या दोन्ही समजुती निराधार आहेत, आणि त्यांची किंमत त्या मुक्या प्राण्याला आपल्या दहा-पंधरा वर्षांच्या आयुष्यात पदोपदी मोजावी लागते. म्हणून श्वानशिक्षणाच्या शास्त्रात गेल्या सव्वाशे वर्षांत काय सिद्ध झाले, कोणती मते प्रचारात येऊन मागे पडली, आणि महाराष्ट्राच्या हवामानात, येथल्या फरशीच्या आणि गॅलरीच्या घरांत, त्यांपैकी काय खरोखर उपयोगी पडते, याचा एकत्र विचार करण्याचे येथे योजिले आहे. माझे प्रतिपादन प्रारंभीच सांगतो: शिक्षण आणि निगा ही दोन स्वतंत्र खाती मानण्याची जी रीत पडली आहे, तीच पुष्कळशा अनर्थाचे मूळ आहे. माणसाचा हात आपल्या पंजावर, कानावर, ओठांवर ज्या कुत्र्याला निर्भयपणे सोसता येतो तो शिकलेला. ज्याला तो सोसत नाही, तो दहा हुकूम पाळत असला तरी त्याचे शिक्षण अपुरेच राहिले असे समजावे.

कुत्र्याचा सहवास आपल्या समाजाला नवा नाही. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लासा'त राजाच्या विनोदांचे जे सविस्तर वर्णन आहे, त्यात श्वानांनाही स्थान आहे; साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाहू छत्रपतींच्या कुत्र्याची समाधी आजही दाखविली जाते; आणि धनगरांच्या वाड्यावर कुत्र्यावाचून मेंढरांची राखण होत नाही. परंतु हे सारे कुत्रे शिकारीचे, राखणीचे किंवा कळपाचे होते. त्यांचा मुक्काम रानात, अंगणात, फार तर ओसरीवर. त्यांचे शिक्षण कामातून होई आणि त्यांची नखे दगडमातीवर आपोआप झिजत. चौथ्या मजल्यावरच्या सदनिकेत, गुळगुळीत फरशीवर, माणसांच्या अंथरुणालगत दिवसाचा बहुतेक काळ काढणारा लहान कुत्रा हा तुलनेने अलीकडचा रहिवासी आहे. २००३ साली 'हच' या दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातीत एका मुलाच्या पाठोपाठ चालणारा पग साऱ्या देशाने पाहिला आणि त्यानंतर या जातीची मागणी शहरोशहरी वाढली. त्या चपट्या नाकातून श्वास घेताना त्या जिवाला काय कष्ट पडतात याची माहिती मात्र त्याच वेगाने पसरली नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

या आढाव्यात पग, चिवावा, मिनिएचर पिंशर, आखूड केसांचा डॅशहुंड, जॅक रसेल टेरियर, फ्रेंच बुलडॉग अशा जाती प्रामुख्याने डोळ्यांसमोर ठेविल्या आहेत. पॉमेरेनियन आपल्याकडे विपुल असला तरी त्याच्या दाट, लांब केसांची व्यवस्था निराळी असल्याने तो येथे गृहीत धरलेला नाही. उलट अंगाने बारीक राहिलेल्या गावठी कुत्र्याला यातले बहुतेक सर्व लागू पडते, आणि येथल्या उन्हापावसाला सर्वांत अनुरूप असा आखूड केसांचा कुत्रा हवा असेल तर तो तोच, हे आवर्जून नमूद करावेसे वाटते.

शिक्षणाच्या पद्धतींचा इतिहास पाहू लागले म्हणजे त्यात दोन प्रवाह स्पष्ट दिसतात. पहिला प्रवाह लष्कर आणि पोलीस खात्यांतून आला. कॉनराड मोस्ट या जर्मन शिक्षकाने १९१० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कुत्र्याकडून आज्ञापालन करवून घेण्याची जी शिस्तबद्ध रीत मांडली, तिच्यात बक्षिसाला स्थान होते खरे, पण सक्तीचा भाग मोठा होता; आणि पुढे कित्येक दशके पट्ट्याला झटका देणे, जमिनीवर दाबून धरणे हे उपाय घरगुती शिक्षणातही रूढ राहिले. या सक्तीला तात्त्विक आधार मिळाला तो लांडग्यांच्या अभ्यासातून. रुडॉल्फ शेंकेल याने बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातील बंदिस्त लांडग्यांचे निरीक्षण करून १९४७ साली जे लिहिले, त्यावरून कळपात एक बलिष्ठ प्रमुख असतो आणि इतरांवर तो सतत अंमल गाजवितो अशी कल्पना दृढ झाली, आणि डेव्हिड मेक याच्या १९७० च्या लांडग्यांवरील ग्रंथाने ती सर्वदूर पोहोचविली. घरातला माणूस म्हणजे कळपाचा प्रमुख, आणि कुत्रा म्हणजे गादीवर डोळा ठेवून असलेला बंडखोर, हे अनुमान त्यातूनच निघाले. परंतु त्याच मेकने कॅनडाच्या अतिउत्तरेकडील एल्समिअर बेटावर मोकळ्या लांडग्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केल्यानंतर १९९९ साली स्वच्छ लिहिले की, निसर्गातला कळप म्हणजे बहुधा एक जोडपे आणि त्याची मुले, म्हणजेच एक कुटुंब होय. तेथे प्रमुखपदासाठी रोजची झुंज नसते. ज्या विद्वानाच्या ग्रंथाचा आधार घेऊन लोक आपल्या चार किलोंच्या कुत्र्याला उताणे पाडून त्याच्यावर वर्चस्व स्थापीत होते, त्यानेच तो आधार काढून घेतला. तरीही ही प्रथा अद्याप समूळ गेलेली नाही.

दुसरा प्रवाह प्रयोगशाळेतून आला. एडवर्ड थॉर्नडाइक याने १८९८ साली मांजरांना कळीच्या पेट्यांत ठेवून दाखवून दिले की, ज्या कृतीचा परिणाम सुखद होतो ती कृती प्राणी पुनःपुन्हा करतो; बी. एफ. स्किनर याने हेच तत्त्व पुढे नेऊन १९५१ साली सामान्य वाचकांसाठी एक लेख लिहिला, आणि त्यात टिक असा आवाज करणारे साधे खेळणे वापरून कुत्र्याला घरच्या घरी कसे शिकवावे याचे विवेचन केले. त्या आवाजाचे प्रयोजन एवढेच की, कुत्र्याने योग्य कृती केली तो क्षण नेमका दाखवून द्यावा, कारण खाऊ तोंडाशी पोहोचेपर्यंत कुत्रा उठून दुसरेच काही करू लागलेला असतो, आणि बक्षीस त्या दुसऱ्या कृतीच्या खात्यावर जमा होते. या कामाला एखादा छोटा, नेहमी एकाच स्वरात उच्चारलेला शब्दही चालतो. माझ्या मते घरगुती शिक्षणाचा फैसला आता या दुसऱ्या प्रवाहाच्या बाजूने झालेला आहे, आणि लहान कुत्र्यांच्या बाबतीत तर तो निःसंदिग्धपणे झालेला आहे.

हे मी केवळ करुणेपोटी म्हणत नाही. व्हिएन्नाच्या पशुवैद्यक विद्यापीठातील संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, २० किलोंपेक्षा कमी वजनाचे ते लहान अशी विभागणी करून, १,२०० हून अधिक श्वानपालकांची उत्तरे तपासली. लहान कुत्री कमी आज्ञाधारक, अधिक चिडखोर आणि अधिक भित्री असल्याचे त्यात आढळले. पण त्याचबरोबर हेही आढळले की, लहान कुत्र्यांचे मालक वागण्यात कमी सातत्य राखतात आणि त्यांच्याबरोबर शिकण्या-खेळण्यात कमी वेळ घालवितात. शिक्षेचे प्रमाण जेथे अधिक, तेथे आक्रमकपणाही अधिक होता. आणि लहान कुत्र्यांत त्याला भित्रेपणाचीही जोड होती. असल्या पाहणीवरून कारण कोणते व कार्य कोणते हे सांगता येत नाही, चिडखोर कुत्र्यालाच शिक्षा अधिक होत असेल असेही म्हणता येईल. तथापि सातत्याच्या अभावाचा मुद्दा आपण सारे रोज पाहतो. मोठा कुत्रा पाहुण्याच्या अंगावर उडी मारू लागला की घरात लगेच बंदोबस्त होतो. लहान कुत्र्याने तेच केले तर त्याचे कौतुक होते. मोठा गुरगुरला तर सारे थबकतात. चिवावा गुरगुरला तर मंडळी हसतात आणि त्याला आणखी चिडवितात. गुरगुरणे ही चावण्यापूर्वीची सूचना आहे, आणि ती सूचना कोणीच मनावर घेत नाही असे पुनःपुन्हा अनुभवास आले की, कुत्रा सूचना देणे सोडून थेट दात लावू लागतो. मग त्याच्यावर लबाडीचा आरोप येतो.

उचलून घेण्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण लहान कुत्र्यांच्या आयुष्यातला हा सर्वांत वारंवार घडणारा प्रसंग होय. त्याच्या दृष्टीने विचार केला तर, वरून एक प्रचंड आकृती वाकते, कोणतीही पूर्वसूचना न देता पोटाखाली हात घालते, आणि जमीन पायांखालून नाहीशी होते. हे दिवसातून अनेकदा घडत असेल तर हात पुढे आला की मागे सरणे किंवा दात दाखविणे हे त्याला सुचणारे स्वाभाविक उत्तर आहे. उपाय साधा आहे: उचलण्यापूर्वी 'वर' असा एक ठरावीक शब्द उच्चारावा, क्षणभर थांबावे, एक हात छातीखाली आणि दुसरा पार्श्वभागाखाली ठेवून पाठ आडवी राहील असे उचलावे, आणि उचलल्यावर खाऊ द्यावा. डॅशहुंडाच्या बाबतीत तर हा शिष्टाचाराचा प्रश्न नसून आरोग्याचा आहे. त्याच्या लांब पाठीतील मणक्यांमधल्या चकत्या सरकण्याचा धोका इतर जातींहून पुष्कळ अधिक असल्याने, पुढचे पाय धरून लोंबकळत उचलणे आणि पलंगावरून उड्या मारू देणे या दोन्ही गोष्टींना सक्त मनाई असावी.

रस्त्यावरील कुत्र्यांचा प्रश्न मात्र आपल्या शहरांत खरा आहे, आणि परदेशी पुस्तकांत त्याचे उत्तर सापडत नाही. तीन-चार मोकळी कुत्री चालून येत असताना लहान कुत्र्याला उचलू नये, असा उपदेश मी करणार नाही. पण रोज दुरून कुत्रा दिसताच घाबऱ्या घाबऱ्या झडप घालून त्याला छातीशी धरले, तर दुसरा कुत्रा म्हणजे संकट हा धडा आपणच त्याला देतो. त्यापेक्षा ठरलेल्या वेळी, ठरलेल्या वाटेने जावे, गल्लीतल्या कुत्र्यांची ओळख दुरून होऊ द्यावी, ती दिसताच आपल्या कुत्र्याला खाऊ देऊन शांतपणे वाट वळवावी. गळ्याच्या पट्ट्याऐवजी छातीभोवती बसणारा हार्नेस वापरावा. लहान जातींत श्वासनलिका मुळातच कमकुवत असण्याचा संभव असतो, आणि पट्ट्याचा ताण तिच्यावरच येतो. पगसारख्या जातीत गळ्यावरचा ताण त्याच्या बाहेर आलेल्या डोळ्यांनाही घातक ठरतो.

जातिस्वभावाचीही दखल घ्यावी लागते. डॅशहुंड जर्मनीत बिळातल्या बिज्जूच्या शिकारीसाठी घडविला गेला. जॅक रसेल टेरियर हे नाव ज्यावरून पडले तो जॉन रसेल इंग्लंडातील डेव्हन परगण्याचा पाद्री आणि कोल्ह्याच्या शिकारीचा षौकी होता. बिळात एकट्याने शिरून, धन्याच्या हुकुमाची वाट न पाहता निर्णय घेणारे हे कुत्रे खणतात, भुंकतात आणि हट्ट धरतात, यात त्यांचा कसूर नाही. खणण्यासाठी वाळूची एक पाटी गॅलरीत ठेवणे हे ओरडण्यापेक्षा शहाणपणाचे.

पिल्लाच्या वयाचा विचार आता करू. स्कॉट आणि फुलर या दोघा संशोधकांनी अमेरिकेतील बार हार्बर येथे पाच जातींच्या कुत्र्यांवर दीर्घकाळ प्रयोग करून १९६५ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातला सर्वांत टिकाऊ निष्कर्ष असा की, साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या मनावर कायमचा ठसा उमटविणारा असतो. येथेच एक पेच उभा राहतो; कारण लसीकरणाचा क्रम सहा-आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत चालतो आणि तो पुरा होईपर्यंत पिल्लाला बाहेर नेऊ नका असे सांगण्याचा शिरस्ता आहे. अमेरिकेतील पशुवर्तनवैद्यांच्या संघटनेने २००८ साली या पेचाचा निर्णय देताना, पहिल्या लशीनंतर आठवडाभराने पिल्लाचा जगाशी परिचय सुरू करावा, असे मत दिले. आपल्याकडे रस्त्यांवर रोगाचा प्रादुर्भाव अधिक असल्याने मी त्यात एवढीच दुरुस्ती सुचवीन की, पिल्लाला जमिनीवर न सोडता कडेवर किंवा पिशवीत घेऊन रिक्षांचा आवाज, भाजीबाजार, छत्री, हेल्मेट घातलेला माणूस, शाळेतून सुटलेली मुले हे सारे दाखवावे. लहान देहाचा खरा लाभ कोठे असेल तर तो येथे आहे.

मलमूत्राच्या सवयीबद्दल जितकी तक्रार लहान कुत्र्यांविषयी ऐकू येते तितकी मोठ्यांविषयी येत नाही. मूत्राशय लहान असते हे एक कारण. पण दुसरे असे की, छोटे डबके पुसणे सोपे म्हणून घरची मंडळी हयगय करतात. दोन महिन्यांचे पिल्लू जागेपणी दोन-तीन तासांपलीकडे थांबू शकत नाही, आणि झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर व खेळल्यावर त्याला जावेच लागते. या तीन वेळा सांभाळल्या म्हणजे बराच कार्यभाग उरकतो. प्रत्येक वेळी त्याला एकाच जागी न्यावे, आणि काम होताच, तेथेच, त्या क्षणी खाऊ द्यावा. घरात परतल्यावर दिलेला खाऊ घरात परतल्याबद्दल मिळाला असा त्याचा समज होतो. वर्तमानपत्रावर सवय लावावी की थेट बाहेर, यावर मतभेद आहेत. लिफ्ट बंद पडणाऱ्या, आषाढात चार-चार दिवस झड लागणाऱ्या गावात गॅलरीतली एक कायम जागा राखून ठेवणे मला व्यवहार्य वाटते, मात्र ती जागा बदलू नये. चुकीच्या जागी झाले तर त्याचे नाक त्यात घासणे हा निव्वळ क्रूरपणा आहे. त्याने पिल्लू एवढेच शिकते की, माणसासमोर हे करणे धोक्याचे आहे, आणि मग ते सोफ्यामागे जाऊ लागते. डाग नुसत्या फिनेलने पुसून भागत नाही, कारण आपल्याला फिनेलचा वास आला तरी त्याला खालचा मूळ वास येतच राहतो. मूत्रातील द्रव्यांचे विघटन करणारी एन्झाइमयुक्त द्रावणे मिळतात, ती वापरावीत.

बक्षिसाच्या परिमाणाविषयी. ५ किलो वजनाच्या प्रौढ कुत्र्याला दिवसभरात साधारण ३०० ते ४०० कॅलरी पुरतात, आणि एका लहान ग्लुकोज बिस्किटात वीस-पंचवीस कॅलरी असतात. म्हणजे शिकवितानाची दहा बिस्किटे त्याच्या जेवणाचा अर्ध्याहून अधिक हिस्सा खाऊन टाकतात. खाऊचा तुकडा वाटाण्याच्या दाण्याएवढा असावा आणि एकूण खाऊ दैनंदिन आहाराच्या दहाव्या हिश्शापलीकडे जाऊ नये. उकडलेल्या कोंबडीचे बारीक तुकडे, पनीर, गाजर, किंवा त्याच्या रोजच्या जेवणातूनच काढून ठेवलेला वाटा यांपैकी काहीही चालते. नाशिकची द्राक्षे आणि तासगावचे बेदाणे मात्र त्याला कधीही देऊ नयेत. ती मूत्रपिंडांना घातक आहेत. कांदा, लसूण, चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेले बिनसाखरी पदार्थ यांनाही घरात हीच मनाई असावी.

आता या लेखाच्या मध्यवर्ती मुद्द्याकडे येतो. इव्हान पाव्हलॉव्ह याला १९०४ सालचे नोबेल पारितोषिक पचनक्रियेच्या संशोधनाबद्दल मिळाले, पण त्याच संशोधनातून निघालेले तत्त्व, की अन्नाआधी नियमाने येणारी कोणतीही खूण पुढे स्वतःच अन्नाची चाहूल बनते, हे श्वानपालकाला अधिक मोलाचे आहे. मेरी कव्हर जोन्स हिने १९२४ साली सशाला भिणाऱ्या एका लहान मुलाचे भय, तो खात असताना ससा दिवसेंदिवस थोडाथोडा जवळ आणून घालविले. भीतीचा निरास करण्याची जी रीत पुढे शास्त्रमान्य झाली तिचा हा उगम होय. नखे कापण्याच्या चिमट्याला हीच रीत लावावी. पहिले काही दिवस चिमटा नुसता दाखवावा आणि मग खाऊ द्यावा. नंतर चिमट्याचा स्पर्श नखाला करावा आणि खाऊ द्यावा. नंतर एका नखाचे टोक कापावे आणि तेथेच थांबावे. क्रम उलटता कामा नये. खाऊ दाखवून कुत्र्याला बोलाविले आणि मग चिमटा बाहेर काढला, तर चिमटा प्रिय होण्याऐवजी खाऊच संशयास्पद होतो. आणि कुत्र्याने पंजा मागे ओढला तर तो सोडावा. चार माणसांनी दाबून धरून सारी नखे एका बैठकीत कापणे शक्य असते, कारण देह लहान आहे. पण पुढच्या वेळी आठ माणसे लागतात. उलट, पंजा मागे घेण्याची मुभा असलेला कुत्रा काही आठवड्यांत तो आपण होऊन पुढे करू लागतो, हे मी अनेक घरांत पाहिले आहे, आणि त्यात मला फार समाधान वाटत आले आहे.

फरशीवर चालताना नखांचा टकटक आवाज येऊ लागला की ती वाढली असे समजावे. घरात राहणाऱ्या हलक्या कुत्र्याची नखे झिजत नाहीत, आणि आतल्या अंगाला असलेले अंगठ्याचे नख तर जमिनीला लागतच नसल्याने वळून मांसात रुतण्याचा संभव असतो. नखाच्या आत रक्तवाहिनी असते. पांढऱ्या नखात ती गुलाबी दिसते. काळ्या नखात दिसत नाही, म्हणून एकदोन मिलिमीटरचे पातळ काप घेत जावे आणि कापलेल्या भागाच्या मध्यभागी गडद ठिपका दिसू लागताच थांबावे. रक्त आलेच तर तुरटीची बारीक पूड दाबून धरावी. तीन-चार आठवड्यांनी थोडे थोडे कापीत राहिल्यास आतली वाहिनीही मागे सरत जाते.

केसांविषयीचा गैरसमज तर वस्तुस्थितीच्या अगदी उलट आहे. आखूड केसांची वाढ लवकर पुरी होते आणि ते गळून नवे येण्याचा क्रम अखंड चालू असतो. पगच्या अंगावर तर बहुधा दुहेरी केस असतात, आणि ते सुईसारखे सतरंजीत, चादरीत, उबदार कपड्यांत रुतून बसतात. यासाठी तारेचा कंगवा नको. रबरी दातांचा छोटा खरारा किंवा हातमोजा घेऊन आठवड्यातून दोनतीनदा केसांच्या दिशेने हलक्या हाताने फिरवावा, त्यानंतर ओल्या पंच्याने पुसून घ्यावे. गळणारे बरेचसे केस फरशीवर पडण्याऐवजी हातात येतात आणि त्वचेतील तेल सर्वत्र पसरून अंगावर तकाकी येते. उन्हाळ्यात गारवा वाटावा म्हणून अंगावरून यंत्र फिरविण्याची टूम निघाली आहे, ती सोडून द्यावी. कुत्र्याला घाम मुख्यतः पंजांच्या गाद्यांतून येतो आणि शरीराची उष्णता तो धापा टाकून बाहेर टाकतो, त्यामुळे केस उतरविल्याने त्याला गारवा फारसा लाभत नाही, उघड्या कातडीला ऊन मात्र लागते.

आंघोळ महिन्यातून एकदा पुरे. कुत्र्याच्या कातडीचा वरचा थर माणसाच्या मानाने पातळ असतो आणि तिची आम्लता कमी, उदासीनतेकडे झुकणारी असते. आपले अल्कधर्मी साबण आणि पाण्यात मिसळलेली घरगुती जंतुनाशके तिला कोरडी व खाजरी करतात. रिठा-शिकेकाई निरुपद्रवी म्हणून वापरणारे पुष्कळ आहेत, पण रिठ्याचा फेस पगच्या किंवा चिवावाच्या उघड्या डोळ्यात गेला तर आग होते आणि कुत्रा पंजाने डोळा ओरबाडून घेतो. कुत्र्यांसाठीचा सौम्य शाम्पू वापरावा, पायांखाली रबरी चटई घालावी, डोक्यावर तांब्या ओतू नये, तोंड ओल्या फडक्याने पुसावे. पगच्या नाकावरची घडी रोज पुसून नंतर कोरडी करावी. ओलसर राहिली तर तेथे दाह होतो. पावसाळ्यात फिरून आल्यावर बोटांच्या बेचक्या आणि काखा कोरड्या करण्यास विसरू नये, कारण आखूड केस लवकर सुकले म्हणजे सारे अंग सुकले असे वाटते, आणि नेमक्या या जागा ओल्या राहून तेथे बुरशी धरते.

गोचीड हा आपल्याकडचा सर्वांत चिवट शत्रू आहे, आणि त्याच्याशी लढण्यात आखूड केसांइतका साह्यकारी दुसरा गुण नाही. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड आपल्या आयुष्यात तीनदा अंगावर चढून रक्त पिते आणि तीनदा खाली उतरते. पोट भरलेली मादी भिंतीच्या भेगेत, दाराच्या चौकटीमागे शिरून हजारांनी अंडी घालते. म्हणजे कुत्र्याच्या अंगावर दिसणाऱ्या गोचिडी हा एकूण फौजेचा थोडासा भाग असतो, आणि केवळ कुत्र्यावर औषध घालून घर तसेच सोडले तर महिन्याभरात मामला मूळपदावर येतो. रोज संध्याकाळी कानांच्या आत-मागे, पट्ट्याखाली, बोटांच्या बेचक्यांत, काखेत आणि शेपटीखाली बोटे फिरवावीत. गोचीड सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी; बोटांनी चिरडू नये. रॉकेल, तंबाखूचे पाणी, डांबरगोळ्यांची पूड हे जुने उपाय पूर्णपणे वर्ज्य समजावेत, कारण कुत्रा अंग चाटतो, आणि विष त्याच्याच पोटात जाते. गोचिडीमार्फत येणारे एर्लिकिया आणि बेबेसिया यांचे ताप प्राणघातक ठरू शकतात. ताप, खाणे सोडणे, हिरड्या पांढुरक्या पडणे यांपैकी काही दिसताच त्याच दिवशी पशुवैद्याकडे जावे. मानेवर सोडण्याच्या औषधांची नळी कुत्र्याच्या वजनाप्रमाणे घ्यावी. मोठ्या कुत्र्याची नळी आणून ती दोन लहान कुत्र्यांत अंदाजाने वाटण्याची काटकसर धोक्याची आहे. घरात मांजर असेल तर परमेथ्रिनयुक्त औषध आणूच नये. मांजराला ते मारक आहे.

दातांची हेळसांड सर्वत्र होते. कुत्र्याला मोठेपणी ४२ दात येतात, आणि लहान जातींत तेवढेच दात छोट्याशा जबड्यात दाटीने बसवावे लागत असल्याने त्यांच्यात अन्न अडकून हिरड्यांचे विकार लवकर जडतात. ओठांना बोट लावू देण्यापासून सुरुवात करून, बोटाला गुंडाळलेल्या ओल्या फडक्यावर आणि तेथून मऊ ब्रशवर यावे. पेस्ट कुत्र्यांचीच असावी. रोज जमल्यास उत्तम. कानांत कापसाच्या काड्या घालू नयेत, कारण त्याची कर्णनलिका आधी खाली उतरून मग आत वळते आणि काडीने मळ आणखी खोल ढकलला जातो.

ऋतुमानाबद्दल इतकेच की, चपट्या नाकाच्या कुत्र्याला नागपूर-चंद्रपूरकडच्या ४५ अंशांच्या दुपारी बाहेर काढणे जितके घातक, तितकेच मुंबईच्या दमट ३३ अंशांत त्याला पळविणेही घातक आहे, कारण हवा बाष्पाने भरलेली असली म्हणजे धापेने होणारे बाष्पीभवनच मंदावते. डांबरी रस्त्यावर आपल्या हाताचा पालथा पंजा काही क्षण टेकवून पाहावा. चटका सोसवला नाही तर फिरणे पुढे ढकलावे. नाशिक-पुण्याच्या डिसेंबरात मात्र चिवावासारख्या इवल्या देहाची उष्णता झपाट्याने जाते, आणि तेव्हा त्याला अंगरखा घालणे हा लाडाचा प्रकार नव्हे.

घरातल्या निगेच्या मर्यादाही ओळखाव्यात. कानाला घाण वास येणे, सहा-सात महिन्यांनंतरही दुधाचा दात नव्या दाताशेजारी उभा असणे, दातांवर चढलेले टणक कीट, पार्श्वभाग जमिनीवर घासत फिरणे (लहान कुत्र्यांत गुदग्रंथी तुंबण्याचे प्रमाण अधिक असते), ही सारी पशुवैद्याची कामे आहेत. त्या दवाखान्याशी ओळखही सुईपासून सुरू होऊ नये. अधूनमधून कोणत्याही उपचाराविना कुत्र्याला तेथे न्यावे, काट्यावर उभे करावे, खाऊ द्यावा आणि परत आणावे. ५ किलोंच्या देहात अर्ध्या किलोची वाढ म्हणजे दहावा हिस्सा, आणि औषधाची मात्रा वजनावरच ठरत असल्याने त्या आकड्याची नोंद तारखेसह घरच्या वहीतही करून ठेवावी.